गल्ला कुणाचा?

काकू, नमस्कार.

आम्ही मांजलपूरला राहतो. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे; मुलगी चार वर्षांची. मुलाच्या हातात पैसा टिकत नाही, ही माझी तक्रार. माहेरी दांडिया बाजारात गेलो की बाबा त्याला दर रविवारी वीस रुपये देतात. ते जिना उतरून गल्ल्यापर्यंत पोहोचलो की संपतात. उत्तरायणला मामानं दिलेले ३०० रुपये गेंडीगेटच्या पतंगबाजारात दहा मिनिटांत गेले आणि त्यातले निम्मे पतंग गच्चीवर नेईपर्यंत फाटले. कुलूपवाला गल्ला आणून दिला, तर माझ्याच हेअरपिननं फटीतून नाणी काढतो. दिवाळीत शेजाऱ्यांकडून मिळालेल्या बोणीचे आणि पाहुण्यांनी दिलेले मिळून १,१०० रुपये झाले होते, ते मी सांभाळायला घेतले. पुढे व्हॅनवाल्याला द्यायला घरात रोख नव्हती म्हणून त्यात गेले, पण शेवटी त्याच्याच शाळेसाठी ना. यांचं म्हणणं, सगळं उचलून एफडी करून टाकू, त्याला काय विचारायचं. सासूबाई म्हणतात, पोरांच्या हाती पैसा देऊच नये. बचतीची सवय लहानपणीच लागावी असं सगळीकडे वाचते. पण सुरुवात कुठून करू?

– एक आई, बडोदे

*

सुरुवात त्या १,१०० रुपयांपासून कर. ते परत दे.

पत्रात ते वाक्य तू मधेच, जाता जाता लिहिलंयस. तुला ते मुद्द्याचं वाटलंही नसेल. मला मात्र तिथेच ठेच लागली. त्यानं नंतर विचारलं असणारच, ‘आई, माझे दिवाळीचे पैसे?’ सात वर्षांचं पोर असले पैसे विसरत नाही, विसरतो आपण. आणि तू म्हणाली असशील, ‘आहेत रे, माझ्याकडे आहेत.’ यातून तो जे शिकला ते अगदी बरोबर शिकला: खाऊन टाकले ते आपले, सांभाळायला दिले ते गेले. जिना उतरेपर्यंत वीस रुपये संपवणारा तुझा लेक उधळ्या नाही गं, चांगला हिशोबी आहे. त्याच्या जागी मी असते तर गल्ल्यावर उभ्या उभ्याच वेफरचं पाकीट फोडलं असतं.

आपल्या बडोद्यात ‘गल्ला’ म्हणजे पैसे साठवायचा डबाही आणि नाक्यावरची पान-बिस्किटांची टपरीही. बाहेरगावच्या मराठी माणसाला याची गंमत वाटते. तुझ्या लेकानं दोन्ही गल्ले पाहिलेत. एकात पैसे टाकले की वेफर मिळतात. दुसऱ्यात टाकले की काहीच मिळत नाही, उलट टाकलेलेही मिळत नाहीत.

मुलांचा धीर पाहायचा एक प्रयोग तू वाचला असशील. मुलासमोर एक गोळी ठेवायची आणि सांगायचं, मी येईपर्यंत खाल्ली नाहीस तर दोन देईन. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी तो सुरू केला आणि पुढे कित्येक वर्षं आईबापांना त्यावरून भाषणं ऐकावी लागली, की जे मूल थांबतं तेच पुढे जातं. २०१८ साली जास्त मुलांची माहिती घेऊन ते पुन्हा तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती हिशोबात धरल्यावर तो संबंध बराच फिका पडला. मला त्यापेक्षा २०१३ साली प्रसिद्ध झालेला रॉचेस्टर विद्यापीठातला छोटा प्रयोग जास्त पटतो. मुलं होती अवघी २८. गोळी ठेवायच्या आधी त्यांना जुने झिजलेले खडू दिले आणि सांगितलं, थांबा, छान नवे आणून देते. निम्म्यांना खरंच नवे मिळाले. निम्म्यांना ‘अरेरे, नवे नाहीतच, आहेत तेच वापरा’ असं सांगितलं. मग गोळीचा खेळ. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांची फसगत झाली होती ती तीन मिनिटांत मोकळी. धीर मुलात किती आहे हे बघता बघता समोरच्या बाईवर भरवसा किती, हेच मोजलं गेलं.

मी एकतीस वर्षं बँकेत काउंटरवर होते. एक गोष्ट मी तिथे पाहिली आणि ती डोक्यातून जात नाही. जून २०११. चार आण्याची आणि त्याखालची नाणी महिनाअखेर बंद होणार होती, म्हणून लोक डबे, बटवे, जुन्या बरण्या घेऊन येत होते. एक गृहस्थ आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलाच्या हातात बोर्नव्हिटाचा डबा, पोटाशी धरलेला. चार आणे, आठ आणे, रुपये, सगळी मिसळ. पोरानं घरी मोजून आणलं होतं आणि डब्यात चिठ्ठी टाकली होती, पेन्सिलीनं लिहिलेली, १८६ रुपये ५० पैसे. मी काउंटरवर नाण्यांच्या चवडी लावल्या, तो टाचा उंच करून बघत होता. हिशोब जुळला. मी म्हटलं, ‘शाब्बास.’ त्याचा चेहरा काय फुलला! मग वडिलांनी स्लिप सरकवली. त्यांच्याच खात्याची. मी पैसे जमा केले, शिक्का मारला, पावती त्यांच्या हातात. मुलानं रिकाम्या डब्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, ‘मग माझे कुठे गेले?’ वडील हसून म्हणाले, ‘एकच आहे रे, तुझे काय नि माझे काय.’ मागे रांग होती, मी पुढचं टोकन बोलावलं. तेव्हाच त्यांना म्हणायला हवं होतं की मुलाच्या नावाचं खातं पालक म्हणून तुम्ही उघडू शकता, फॉर्म देते. म्हटलं नाही.

तेव्हा परत दे. मोबाइलवरून नाही, रोख. शक्य असेल तर दहाच्या नोटा घेऊन ये; शंभराच्या अकरा नोटा सात वर्षांच्या मुलाला थोड्या वाटतात आणि एकशेदहा नोटांची थप्पी म्हणजे राज्य मिळतं. सांगताना फार बोलू नकोस. ‘मी तुला न विचारता घेतले होते, परत करतेय’ एवढंच. ‘पण ते तुझ्याच शाळेसाठी’ हे वाक्य गिळून टाक. शाळेची व्हॅन आईबापांच्या खर्चातली, त्याच्या बोणीतली नाही.

आता तो डबा. कुलूपवाला गल्ला काढून टाक. त्यानं हेअरपिननं नाणी काढली, त्यात मला तरी चोरी दिसत नाही, स्वतःच्याच पैशांची कसली चोरी? पण लपूनछपून काढायची वेळ त्या कुलपानं आणली. त्याऐवजी लोणच्याची रिकामी काचेची बरणी दे, स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून, नाहीतर नोटांना मेथीचा वास येतो. या वयाला पैसे दिसायला हवेत, चढताना आणि उतरतानाही. कुंभाराचा मातीचा गल्ला मलाही आवडतो, पण तो फुटेपर्यंत आत काय आहे ते कळत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांना ठीक. बरणी त्याच्या उंचीच्या फळीवर ठेव. त्यातून काढायची त्याला मुभा, अट एकच: वहीत लिहायचं.

वही म्हणजे दहा रुपयांची साधी चौकटीची. तारीख, आले, गेले, उरले. तो चुकीची वजाबाकी करेल. लगेच दुरुस्त करत बसू नकोस. रविवारी बरणी ओतून दोघांनी मोजा, चूक आपोआप सापडते. माझ्या मुलीची अशी वही अजून माझ्या कपाटात आहे. ‘खोडरबर २. हरवले १. चिंचा १. आईला उसने ५.’ पुढच्या पानावर ‘आईने दिले नाही.’ त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा ‘आईने दिले नाही’ आणि खाली दोन रेघा. दिवसभर लोकांच्या पैशांचा हिशोब लावणारी बाई घरात पाच रुपयांची थकबाकीदार! तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला, मोठ्यांनीही घेतले तर वहीत लिहायचं आणि तारीख घालायची. भाजीवाल्याला सुटे हवेत म्हणून बरणीतून घेतलेस तर तूही लिही, आणि त्याला विचारून घे. ‘नाही’ म्हणाला तर नाही.

याला उगाच पोरखेळ समजू नकोस. १८८९ साली याच बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर, म्हणजे भाऊसाहेब, यांच्या पुढाकारानं मध्यमवर्गीय मराठी मंडळींनी थोडे थोडे पैसे एकत्र करून अडल्यानडल्याला कर्ज द्यायची सोय केली. नाव ठेवलं अन्योन्य सहकारी मंडळी. देशातल्या सुरुवातीच्या सहकारी पतसंस्थांत तिचं नाव घेतात. सयाजीरावांची बँक ऑफ बडोदा निघाली त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १९०८ साली. ‘अन्योन्य’ म्हणजे एकमेकांचं. माझे तुझ्याकडे, तुझे माझ्याकडे, आणि दोन्ही वहीत.

बाबांचे वीस रुपये चालू राहू देत, पण ते आजोबांच्या लहरीवर नकोत. त्यांना सांग, रविवार म्हणजे रविवार, आणि एखाद्या रविवारी आम्ही आलो नाही तर पुढच्या वेळी दोन्ही. ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम आली तरच मूल पुढचा विचार करतं. आज मिळाले, उद्या मिळतील की नाही ठाऊक नाही, अशा उत्पन्नात मोठी माणसंही बचत करत नाहीत. घरकामाचे पैसे मात्र देऊ नकोस, आणि मार्कांचे तर मुळीच नाही. पाण्याची बाटली भरली की पाच रुपये, असं एकदा सुरू झालं की एक दिवस तो म्हणेल, मला पाच नकोत, मी भरत नाही. मग काय करशील?

पहिलं ध्येय जवळचं ठेव. सात वर्षांच्या मुलाला ‘मोठेपणी उपयोगी पडतील’ म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. तीन रविवारांत, साठ रुपयांत येईल अशी वस्तू त्यालाच ठरवू दे. ती तुला फालतू वाटली तरी चालेल. मग सहा रविवार. मग उत्तरायण. नवरात्र संपली की हिशोब मांडा: १४ जानेवारीपर्यंत किती रविवार, किती रुपये, त्यात किती पंजे येतात, फिरकी भरून घ्यायला किती लागतील. पाच पतंगांचा एक पंजा, चार पंज्यांची एक कोडी, हा पाढा तो शाळेतल्या पाढ्यांपेक्षा लवकर शिकेल. त्याला या वर्षी आणखी एक कळलेलं आहे, फुकट: पतंग घरी नेताना फाटतात. मामाच्या तीनशेतले फाटले म्हणून तो फारसा रडला नसेल. स्वतःच्या बरणीतले फाटले तर पुढच्या खेपेला पुठ्ठा घेऊन जाईल.

दिवाळीचंही आपल्याकडे वेगळंच. आपल्या मुलांना दुहेरी कमाई. पाडव्याला गुजराती शेजाऱ्यांकडे ‘साल मुबारक’ करत फिरलं की बोणी, आणि घरचे काका-मामा देतात ते निराळे. पण भाऊबीजेला ताटात घालायची ओवाळणी बहुतेक घरांत आईच हळूच मुलाच्या हातात कोंबते आणि तो पोस्टमनसारखी पोहोचवतो. या वर्षी बहिणीची ओवाळणी त्याच्या बरणीतून जाऊ दे. किती घालायची ते त्यानं ठरवायचं. दहा घातले तर दहा. चार वर्षांच्या मुलीला दहाची नवी नोट पुष्कळ होते, आणि तू डोळे वटारायचे नाहीत.

आणि वाया घालवू दे. हे सगळ्यात कठीण. माझ्या नातवानं कमाटी बागेच्या दरवाजाबाहेर साठवलेल्या पैशांतून साबणाचे फुगे उडवायची बंदूक घेतली. मला दिसत होतं ती टिकणार नाही. मी ओठ दाबून उभी राहिले. काळ्या घोड्याच्या सर्कलपर्यंत येईतो बंदूक बंद! त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी रिक्षा बघत होते. ‘सांगितलं होतं ना’ म्हणाले नाही आणि दुसरी घेऊन दिली नाही. घरी येऊन त्यानं वहीत लिहिलं, ‘बंदूक ८०’ आणि कंसात ‘बेकार’. पुढच्या वेळी दुकानदाराकडून चालवून पाहिल्याशिवाय त्यानं काही घेतलं नाही, हे खरं. त्याच दिवशी आणखी एक बेकार वस्तू घेतली, हेही खरं.

हल्ली एक अडचण नवीन आहे. मुलांना पैसा दिसतच नाही. सेव-उसळ खाल्ली, मोबाइल दाखवला, ‘टिंग’ वाजलं, निघालो. मुलाच्या लेखी मोबाइल म्हणजे न आटणारी विहीर. निदान रविवारी तरी रोख दे, आणि दुकानदाराला पैसे त्याच्या हातून जाऊ देत. शंभराची नोट देऊन परत किती यायला हवेत हे दुकानदार गल्ला उघडण्याआधी त्यानं सांगायचं. मागची माणसं खोळंबतील, खोळंबू देत थोडी.

व्याज शिकवायचं असेल तर तूच बँक हो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी बरणीत जितके दहा-दहा असतील तितके रुपये वरून घाल. मात्र वीस रुपयांची कमाल मर्यादा आधीच जाहीर कर. नाहीतर ते ११०० परत मिळाल्यावर चिरंजीव पहिल्याच महिन्यात ११० रुपये व्याज मागतील, आणि मागणं रास्त असेल.

आता तुझ्या यजमानांची एफडी. करा ना, जरूर करा, पण तुमच्या पैशांची. ती तुमची त्याच्यासाठी बचत. त्याची सवय ही वेगळी गोष्ट, दोन्हींची सरमिसळ नको. मुलीसाठी तर सुकन्या समृद्धी या सरकारी बचत योजनेचा विचार ती दहा वर्षांची व्हायच्या आत करावाच लागेल, त्यानंतर खातं उघडत नाही. वर्षाला किमान २५०, जास्तीत जास्त दीड लाख, पंधरा वर्षं भरायचे, खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी मुदत पुरी. अठरा झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत काढता येतात. पोस्टातही होतं, बँकेतही. पण त्यातून मुलीला बचत शिकवली असं समजू नका. तिला त्या खात्याचा पत्ताही नसेल.

मुलाचं खातं आत्ता उघडलं तर पालक म्हणून तुझ्या सहीनं चालेल. आईची सही चालते, वडीलच हवेत असं नाही. मी मात्र थोडं थांबेन. दहा पूर्ण झाले की पोस्टात ५०० रुपये भरून स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या सहीचं बचत खातं त्याला उघडता येईल. बँकांनाही रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये सांगितलंय की दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवायचं खातं देता येईल; रकमेची मर्यादा ज्या त्या बँकेनं ठरवायची, आणि खात्यात असतील त्याहून जास्त काढता येणार नाहीत. तोवर तीन वर्षं बरणी आणि वही पुरे. त्या दिवशी त्याला बरोबर ने, रांगेत उभं कर, स्लिप त्याच्याच हातानं भरू दे, खाडाखोड झाली तर दुसरी माग. पासबुक त्याच्या खणात राहील.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांचंही अर्धं खरं आहे. पैसा हाती आला की पोरं गल्ल्यावर जातात, आणि तिथे काय काय टांगलेलं असतं ते आपण बघतोच. म्हणून काय घ्यायचं नाही, हे तू ठरव: ते रंगीत पाण्याचे पेप्सीकोले, ती तंबाखूशेजारची पाकिटं नाहीत म्हणजे नाहीत, पैसे कुणाचेही असोत. एवढं कुंपण घालून आत मोकळं सोड. आणि रविवारी मोजायला सासूबाईंनाच बसव. त्यांच्या पिढीनं साखरेच्या डब्यात, तांदळात, देवघराच्या मागे पैसे ठेवून घरं चालवलीत, नवऱ्याला पत्ता लागू न देता. त्यांनी ते त्याला सांगितलं तर तो तोंड उघडं ठेवून ऐकेल.

पैसे परत केल्यावर पहिला आठवडा बरा जाणार नाही. तो बरेचसे उडवेल, कारण पुन्हा जातील अशी त्याला धास्ती आहे. तू गप्प राहा. तू दिलेली थप्पी तो तुझ्यासमोर मोजेल, बहुधा दोनदा. राग धरू नकोस, काउंटरवर आम्हीही तेच सांगायचो: पैसे मोजून घ्या, मगच जागा सोडा. हेअरपिन मात्र परत मागून घे.